अस्वलाच्या घरात वेंडेल

वेंडेलला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि आमच्या गावच्या वन्यप्राणी उद्यानातून काहीतरी मोठं सुटलं आहे अशी माझी खात्रीच पटली. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक अक्रोडाचं झाड आहे. त्या झाडाला कपाळ टेकवून एक अवाढव्य देह उभा होता. पाठ म्हणजे धान्याच्या कोठाराचं दार. खाकी अर्ध्या चड्डीतून खाली उतरलेल्या पोटऱ्या पाहून झाडाला दोन खोडं जास्तीची फुटली आहेत असं वाटावं. तो हलत नव्हता, नुसता श्वास घेत होता, आणि त्या श्वासाबरोबर वरचे हिरवे अक्रोड टपाटप खाली पडत होते. सभोवार मुलांची एक फौज गवतातून पोटावर सरपटत त्याला वेढा घालत होती. माझी मुलगी बोरोका तेव्हा सहा वर्षांची, शिबिराचा तिचा पहिलाच दिवस. तिने माझा हात सोडला, नवाकोरा फ्रॉक घालून ताबडतोब पोटावर आडवी झाली आणि त्या टोळीत सामील झाली. तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं.

मी पडलो चष्म्याचा दुकानदार, सभ्यपणा हा माझ्या धंद्याचा भाग आहे. मी म्हणालो, "नमस्कार. मी बोरोकाचा वडील. शिबिराचे प्रमुख कुठे भेटतील?"

"हळू बोला," झाडातून आवाज आला. "मीच तो. हात मिळवता येणार नाही, माफ करा. वळलो की मेलो."

"कोण मारणार आहे तुम्हाला?"

"हे सगळे. तुमचीसुद्धा, गवताचा आवाज ऐकून सांगतो."

मग माझ्या लक्षात आलं. आकड्यांची लढाई चालू होती. हा खेळ न खेळता मोठा झालेला माणूस आमच्या देशात दाखवावा आणि बक्षीस घेऊन जावं. कपाळावर पुठ्ठ्याची पट्टी बांधायची, तिच्यावर चार आकडी संख्या. शत्रूने तुमची संख्या मोठ्याने म्हटली की तुम्ही मेलात. पट्टी काढून द्यायची आणि मेलेल्यांच्या बाकावर जाऊन बसायचं. हाताने आकडा झाकायचा नाही. पण झाडाला, जमिनीला, मित्राच्या पाठीला कपाळ टेकवून ठेवायला कुणाची हरकत नाही. टेकवलं की तुम्ही सुरक्षित. फक्त तिथून हलता येत नाही.

संध्याकाळी मी बोरोकाला न्यायला आलो तेव्हाही तो गृहस्थ त्याच झाडाला तसाच चिकटलेला होता. कुणीतरी त्याला बाजूने लांगोश नावाची तळलेली पोळी भरवत होतं, आणि लसणीचं तेल खोडावरून ओघळत मुंग्यांपर्यंत पोचलं होतं.

त्याचं पूर्ण नाव बोद्रोगी वेंडेल. मुलांचा वेंडेल काका. खरं तर त्याचा मुलांशी काडीचाही संबंध नव्हता. तो तिसा नदीकाठच्या एका खेड्यातून आमच्याकडे आला तो लांडग्यांसाठी. उद्यानात लांडग्यांची एक जोडी होती, आणि तिचा सांभाळ करायला असा माणूस हवा होता जो कमी बोलतो, सावकाश चालतो आणि ज्याच्या अंगाला नेहमी एकच वास येतो. वेंडेल तिन्ही बाबतीत नंबर एक. पहिल्या हिवाळ्यात म्हणे तो कुंपणाच्या आत बर्फात बसून राहायचा आणि लांडगी येऊन त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायची. हे तो मला सांगायचा तेव्हा त्याचा आवाज लग्नाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसासारखा व्हायचा. स्वतःचं लग्न त्याने केलं नव्हतं. सवड मिळाली नाही म्हणायचा.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिर घेणाऱ्या बाई पाणमांजरांच्या तळ्यात पाय घसरून पडल्या आणि त्यांचा घोटा मोडला. आमच्या उद्यानाच्या संचालिका म्हणजे सिर्माई हायनाल्का. गोड बोलण्यात या बाईंचा हात धरणारं कुणी नाही. त्या लांडग्यांच्या कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "वेंडेल, फक्त हा एक आठवडा. पोरांना इकडून तिकडे फिरवायचं, एवढंच."

वेंडेलने फिरवलं. आणि घात झाला. कारण हा माणूस, ज्याला दोन वाक्यं एकापुढे एक ठेवताना घाम फुटायचा, तो मुलांमध्ये गेला की भलताच फुलायचा. त्याने घुबडाने ओकलेले गोळे आणले आणि मुलांना ते चिमट्याने उकलायला लावले. आतून उंदरांच्या कवट्या निघाल्या तेव्हा मुली किंचाळल्या, आणि मग दुसरा गोळा मिळावा म्हणून एकमेकींचे केस ओढू लागल्या. रॅकून कंटाळतात म्हणून मुलांकडून पुठ्ठ्यांच्या खोक्यांत शेंगदाणे दडवून घेतले. उकाड्यात अस्वलासाठी बादलीत कलिंगड गोठवलं. पावसाच्या दिवशी गवताच्या कोठारात सगळ्यांना अंधारात बसवून कोणता प्राणी श्वास घेतोय ते ओळखायला लावलं. तो प्राणी म्हणजे संचालिका बाई निघाल्या, शिंकल्यावर कळलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात हायनाल्का बाई परत कुंपणापाशी.

"वेंडेल, तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात, एकच आठवडा."

"हो ना, मग हाही एकच आठवडा. दर वेळी एकच असतो रे."

असे एकेक करून उन्हाळाभर आठवडे यायचे. एवढे आठवडे मुलांमागे फिरणाऱ्या माणसाने लांडगे केव्हा बघायचे? म्हणून ते बाईंच्या भाच्याकडे गेले. भाचा चांगला मुलगा आहे, फक्त त्याला लांडग्यांची भीती वाटते.

सुटण्यासाठी वेंडेलने प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका उन्हाळ्यात त्याने ठरवून वाईट शिबिर घेतलं. घुबडं नाहीत, रॅकून नाहीत, गोष्टी नाहीत. दिवसभर गाढवांच्या तबेल्यातली लीद उपसायची, आणि जेवायला चेरीचं गार सूप, तेही साखरेशिवाय. "आता आया येऊन माझी मानगूट धरतील आणि मला हाकलतील," असं तो मला आशेने सांगत होता. मुलं वेडी झाली. घरी जाऊन त्यांनी फावड्यांसाठी हट्ट धरला. पुढच्या वर्षी नावं नोंदवायला फाटकाबाहेर रांग लागली, आणि आमच्या बोरोकाने वाढदिवसाला घमेलं मागितलं.

राहायला उद्यानाने त्याला घर दिलं होतं तेही आतच, हरणांच्या कुंपणाला लागून. रविवारी गर्दी झाली की लोक चुकून त्याच्या खिडकीपाशी येत. तो सूप पीत असायचा. एकदा एका आजोबांनी काचेवर बोट टकटकवून नातवाला विचारलं, "हा काय खातो म्हणे?" वेंडेलने पडदे शिवून घेतले, तर उकाड्याने जीव जायला लागला. पडदे उघडले की माणसं, लावले की उकाडा. हिवाळ्यात तेवढी शांतता असायची. पण हिवाळ्यात हायनाल्का बाई पुढच्या उन्हाळ्याचं बोलायला यायच्या.

एवढ्या सगळ्यात त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. आकड्यांच्या लढाईत आजवर त्याचा आकडा कुणी म्हटला नव्हता. शेकडो मुलं आली, मोठी झाली, काहींना मिशा फुटल्या; वेंडेल काका एकदाही मेले नाहीत. एवढा मोठा देह कुठेतरी कपाळ टेकवून असा स्तब्ध व्हायचा की मुलं त्याच्या शेजारून जायची. आमच्या गावात हा विषय निघाला की बायकासुद्धा आवाज खाली आणायच्या.

मग गेल्या वर्षी ती बातमी आली. उत्तरेच्या डोंगरात लांडग्यांसाठी नवं केंद्र निघालं होतं. पिंजरे नाहीत, डोंगराचा अख्खा उतार कुंपणात घेतलेला, आणि लांडग्यांचा पुरता कळप. तिथले प्रमुख केंदे तिहामेर यांना सांभाळ करायला माणूस हवा होता. त्यांना कुणीतरी वेंडेलबद्दल सांगितलं होतं, बुटांच्या नाड्यांसकट. ते निरोप देऊन मोकळे झाले: शुक्रवारी दुपारी राजधानीहून परतताना फाटकाशी गाडी थांबवीन, सामान घेऊन तयार राहा, पसंत पडलं तर तिथेच राहा. दुसरा एक माणूस मनात आहे, पण आधी तुम्ही.

वेंडेल माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर दोन्ही तळवे ठेवून उभा राहिला. समोरच्या काचेच्या कपाटातले सगळे चष्मे हलले.

"गाश्पार," तो म्हणाला, "मी चाललो."

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. रडल्या. मग म्हणाल्या, शुक्रवारी शिबिराचा शेवट आहे, आईबापांविरुद्ध पोरांची लढाई आहे, तेवढी करून जा. म्हटलं, करतो. दुपारच्या आत उरकते ती."

"आणि मुलांना?"

"मुलांना एक अक्षर सांगायचं नाही. शपथ घे. मुलं रडतील. मुलं रडली की आया येतील. आया आल्या की मी जाऊ शकणार नाही."

मी शपथ घेतली. चष्म्याच्या दुकानदाराने घ्यावी तशी, डोळ्यांवर हात ठेवून.

शुक्रवारी सकाळी त्याची सुटकेस तिकिटाच्या खोपटीत एतेल्का काकूंकडे पोचली. एतेल्का काकू म्हणजे आमच्या फाटकाची जिवंत कडी. त्या खिडकीतून उठलेल्या कुणी पाहिल्या नाहीत. शिबिराचा नियम असा की सकाळी सगळे फोन त्यांच्या टोपलीत टाकायचे, मोठ्यांनीसुद्धा. वेंडेलने आपलाही टाकला. नियम त्यानेच केला होता.

लढाई सुरू झाली. आम्ही आईबाप एका बाजूला, वेंडेल आमच्यात; मुलं दुसऱ्या बाजूला, आणि त्यांची सेनापती आमची बोरोका, आता दहा वर्षांची. मी सुरुवातीलाच मेलो. मला टक्कल आहे, आणि पट्टी टकलावर चढून आभाळाकडे बघायला लागली. पाणमांजरांच्या तळ्यापलीकडून एका चिमुरडीने माझा आकडा म्हटला आणि वर "माफ करा हं, काका" असंही म्हणाली. बाकावर माझ्या आधीच तीन बाप सोडा घातलेली वाईन घेऊन बसले होते. मरणाचं एवढं काही वाईट नव्हतं. मग एकेक करत सगळी मोठी माणसं आली. डॉक्टरीण बाई आल्या, बेकरीवाला आला, दोन आया एकमेकींना दोष देत आल्या. वेंडेल तेवढा आला नाही.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला.

एतेल्का काकूंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "गाश्पार! अरे चष्मेवाल्या! ते लांडग्यांचे साहेब आलेत. वेंडेल कुठे मेला?"

"मेला नाही ना काकू, तीच तर अडचण आहे. तो एकटाच जिवंत आहे."

"मग जा आणि उचलून आण! मी ह्यांना सूप देते तोवर."

तिहामेर साहेब गाडीतून उतरले. हिरवी टोपी, काटकुळे, मनगटावर एवढं मोठं घड्याळ की हात त्याच्यासाठीच ठेवला असावा. ते सूपच्या वाटीकडे आणि मग घड्याळाकडे बघत असताना मी निघालो.

वेंडेल कुठे असेल याचा मला अंदाज होता. आमचं म्हातारं अस्वल त्या हिवाळ्यात वारलं, तेव्हापासून त्याचं घर रिकामं होतं. दगडी खोली, एक गजांची खिडकी, आणि तारेने वर टांगलेलं लोखंडी सरकतं दार. बाहेरच्या भिंतीवर एक हातरहाट आहे, त्याला दांडा लावून फिरवलं की दार वर जातं. खुंटी काढली की धाडकन खाली येतं. लपायला उत्तम जागा.

मी पोचलो तर दार खाली होतं. घराभोवती सगळी मुलं गवतावर मांडी घालून सहलीला आल्यासारखी बसली होती. कुणीतरी बिस्किटं वाटत होतं. बोरोका अस्वलाच्या पाण्याच्या दोणीवर बसली होती आणि रहाटाचा दांडा तिच्या मांडीवर आडवा होता.

"पकडला," ती मला म्हणाली. "पण मरत नाहीये."

मी गजांतून आत पाहिलं. अंधारात, कोपऱ्यात, भिंतीला कपाळ टेकवून वेंडेल उभा होता. अगदी अक्रोडाच्या झाडाला उभा होता तसा.

"वेंडेल, ते आलेत."

"हॉर्न ऐकला," भिंत म्हणाली.

"मग वळ की! तुझा आकडा म्हणतील, दार उघडतील, आणि तू मोकळा."

"काका, वळा ना," बोरोका गजांना तोंड लावून गोड आवाजात म्हणाली. हायनाल्का बाईंचा आवाज तिने कुठून उचलला देव जाणे. "एकदाच. लगेच सोडतो."

"गाश्पार," वेंडेल म्हणाला, "आजवर कुणी माझा आकडा म्हटलेला नाही."

"अरे, त्याचं काय पदक मिळतं का तुला?"

त्याने कपाळ भिंतीत आणखी दाबलं. "इथून न्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मुलांसमोर मी शपथेने बांधलेला, तो भिंतीला बांधलेला. लहान मुलं बिस्किटं खात होती. तेवढ्यात हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, आणि या वेळी लांबलचक.

आतून एक सुस्कारा आला. गवताचा चुरा उडाला.

"ठीक आहे," वेंडेल म्हणाला. "बोरोका, बघ. नीट बघ, परत संधी नाही."

सगळी मुलं एकदम उठली. खिडकीत डोकीच डोकी झाली. आणि वेंडेलने, या गावात पहिल्यांदाच, आपलं कपाळ भिंतीपासून सोडवलं आणि तो वळला.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

घडलं होतं असं, की नवं अस्वल आणायच्या आशेवर बाईंनी आदल्याच दिवशी आतून चुन्याचा हात मारून घेतला होता. ओला चुना, ओलं कपाळ. पट्टीवरची निळी शाई विरघळून पांढऱ्यात मिसळली होती. वेंडेलच्या कपाळावर आकडा नव्हताच, एक निळसर ढग होता, आणि त्यातून एक ओघळ नाकावर आला होता.

"सात?" एकजण म्हणाला.

"सात नाही, एक आहे."

"तो घाम आहे, मठ्ठा!"

"भिंतीवर उमटलाय! भिंतीवरून वाचू या!"

"भिंतीवर उलटा उमटतो. आणि भिंत म्हणजे कपाळ नाही."

बोरोकाने डोळे बारीक केले, मला दुकानात येणारी गिऱ्हाइकं आठवली. मग ती ओरडली, "सात हजार चारशे एकोणीस!"

"चूक!" वेंडेल म्हणाला. आणि देवाशपथ सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

मी गजांतून हात घालून त्याला चिमटा काढायचा प्रयत्न केला. "अरे बैला, बरोबर म्हण! बरोबर म्हण आणि चल!"

"मुलांशी खोटं बोलू?"

"एकदाच!"

"एकदाच, एकदाच!" तो खेकसला. "सगळे मला एकदाच म्हणतात." मग त्याने तोंड पुसलं, त्यामुळे निळा रंग गालापर्यंत आला, आणि सेनापतीसमोर उभा राहून तो म्हणाला, "बोरोका, हे बघ. माझा आकडा आठ हजार सहाशे पस्तीस. घे. मी मेलो. दार उघड."

बोरोकाने मान हलवली. तिचा चेहरा न्यायाधीशासारखा झाला होता. आमच्या घरात तो चेहरा तिच्या आईकडून आलेला आहे. "स्वतःचा आकडा स्वतः सांगितलेला चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच. गेल्या वर्षी दोमोंकोशला घरी जायचं होतं, म्हणून त्याने आपला आकडा आपणच सांगितला. तेव्हा तुम्ही म्हणालात, पळून जाण्यासाठी मरायचं नाही."

"मी असं म्हणालो?"

"हो," सगळी मुलं एका सुरात म्हणाली. दोमोंकोश सर्वांत मोठ्याने.

वेंडेल चुन्याच्या भिंतीला पाठ टेकवून खाली बसला. मी त्याला बरीच वर्षं ओळखतो. चिखलात, उकाड्यात, पोरांच्या गराड्यात मी त्याला पाहिलं आहे. गाढवाने लाथ मारली तेव्हाही पाहिलं आहे. पण असा मांडीवर हात टाकून बसलेला नव्हता पाहिला. दगडी खोलीत तो एकदम लहान दिसला. खिडकीच्या गजांच्या सावल्या त्याच्या अंगावर पडल्या होत्या आणि बाहेरून मुलं त्याच्याकडे बघत होती, रविवारी बघतात तशी.

मी शपथ मोडली.

"बोरोका," मी म्हणालो, "बाहेर गाडी आली आहे. वेंडेल काका नोकरी बदलतायत. आत्ता पोचले नाहीत तर ती जागा जाईल."

"गाश्पार, गप्प!" आतून आवाज आला.

"कुठे जाणार?" बोरोकाने मला नाही, त्याला विचारलं.

"लांडग्यांकडे," वेंडेल म्हणाला.

"किती दिवस?"

"कायमचं."

बिस्किटं खाण्याचा आवाज थांबला. बोरोका दोणीवरून उतरली. दांडा तिच्या उंचीच्या निम्मा होता. तिने तो रहाटात बसवला आणि फिरवायला लागली. मग दोमोंकोशने हात लावला, मग बाकीच्यांनी, आणि मी तारेचं चाक धरलं. रहाट अस्वलासारखाच म्हातारा होता. कण्हत कण्हत वितीएवढं दार वर गेलं, आणखी एक वीत गेलं, आणि तार चाकावरून उतरली. दार तिथेच अडकलं.

वेंडेल पालथा झाला आणि खालून सरपटायला लागला. डोकं आलं, खांदे आले. पोट आलं नाही.

तो अर्धा अस्वलाच्या घरात आणि अर्धा आमच्यात, असा पडून राहिला. त्याचं निळं-पांढरं तोंड मुलांच्या बुटांमध्ये होतं. मुलांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि ओढायला सुरुवात केली.

"वेंडेल काका," ओढता ओढता एका लहानगीने विचारलं, "तिकडे शिबिर असतं का?"

"नाही, बाळ."

"मग तिकडची मुलं काय करतात?"

"तिकडे मुलंच नसतात."

"अरेरे," ती मनापासून म्हणाली, आणि तिने त्याच्या हाताची पकड जरा सैल केली.

तिसरा हॉर्न झाला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. आम्ही सगळ्यांनी मिळून जो एक हिसका दिला त्यात वेंडेल बाहेर आला, त्याच्या शर्टाची बटणं आत राहिली. तो उठला आणि फाटकाकडे पळाला. मागे एकदा शेळी सुटली होती तेव्हा मी त्याला पळताना पाहिलं होतं. आज तो त्याहून हळू पळत होता. पोट सोलवटलं होतं हेही खरं आहे.

फाटकाबाहेर धूळ होती. एतेल्का काकू चक्क खोपटीबाहेर उभ्या होत्या, एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात फोनांची टोपली.

"गेले," त्या म्हणाल्या. "वाट पाहिली हं त्यांनी. म्हणाले, ज्या माणसाला स्वतःच्या फाटकापर्यंत येता येत नाही, तो डोंगरावर काय येणार. मी फोन करा म्हटलं तर केला. तर ह्या टोपलीतूनच लांडगा ओरडायला लागला. मला वाटलं कुठल्या तरी पोराचा असेल."

"माझा तो," वेंडेल म्हणाला. फोनला त्याने लांडगीचा आवाज लावला होता. तो जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सूप आवडलं का त्यांना?"

"दोन वाट्या प्यायले."

त्याने तिथूनच फोन लावला, कुणी घेतला नाही. परत लावला तेव्हा तिहामेर साहेबांनी घेतला आणि एकच वाक्य बोलले, की लांडग्यांना खायला वेळेवर लागतं. वेंडेल म्हणाला, बरोबर आहे. कारण ते बरोबरच होतं.

तोवर मुलं आली होती. हायनाल्का बाईही धापा टाकत आल्या, त्यांनी सुटकेस पाहिली, रस्ता पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच गोड काही बोलल्या नाहीत. बोरोका पुढे झाली. तिचे डोळे लाल होते, पण हिशेब पक्का होता.

"काका, तुमचा आकडा कुणी म्हटला नाही. म्हणजे तुम्ही मेला नाहीत. म्हणजे मोठी माणसं जिंकली."

जिंकणाऱ्यांना कलिंगड असतं. वेंडेलनेच ते सकाळी विहिरीत गार करत ठेवलं होतं. त्यानेच काढलं, त्यानेच कापलं, आणि जिंकलेल्यांच्या आधी हरलेल्यांना वाटलं, हाही त्याचाच नियम. मला फोड देताना त्याने हळूच विचारलं, "तारेचं चाक तू नीट धरलं होतंस ना?"

"धरलं होतं," मी म्हणालो.

"मग झालं," तो म्हणाला, आणि बिया वेचून रॅकूनसाठी बाजूला ठेवायला लागला.

डोंगरातली ती जागा सोल्नोकच्या एका माणसाला मिळाली. अस्वलाच्या घराच्या दाराला आता आतूनही उघडता येईल अशी कडी बसवली आहे. यंदा शिबिराचा एक आठवडा वाढवला आहे.